कस्तुराचा ठेका

भाऊसाहेबांनी जीपमधून दोर खाली टाकला आणि मी आधी त्याचा रंग बघितला. निळा होता. ट्रकवरचा माल आवळायला वापरतात तसला नायलॉनचा, नवाकोरा. आम्ही डोंबारी. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या घायपाताचा दोर, तोही घरच्या हातांनी वळलेला. असल्या निळ्या, गुळगुळीत दोरावर आमच्यातलं कुणी कधी पाऊल ठेवलं नव्हतं.

"परवा बुधवारी पुण्याच्या ऑफिसातनं मॅडम येणार आहेत," भाऊसाहेब म्हणाले. "खेळ बघायला. तयारीत राहा."

आबा, म्हणजे माझा बाप, पालाच्या तोंडाशी बसला होता. तो उठला नाही. "आमी खेळ सोडला, भाऊसाहेब. चार वरसं झाली. तुमाला ठावं हाय."

"ठाऊक आहे म्हणून तर आलो."

आमची सात पालं ज्या गायरानात होती, त्या गावचे भाऊसाहेब सरपंच. शिवाय जगदंबा लोककला मंडळाचे अध्यक्ष. माणूस कधी आवाज चढवायचा नाही. शिव्या देणाऱ्याला मी कधी भ्याले नाही, शिव्या आम्हाला पाण्यासारख्या. मी भ्यायची ती त्यांच्या मऊ बोलण्याला.

त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. "सरकार कलावंतांना अनुदान देतं. तुम्हाला कुठं शोधत बसणार? म्हणून मंडळाला देतं, आणि मंडळ तुमचं बघतं. दिवाळीला घोंगड्या मिळतात का नाही? ज्वारीचं पोतं मिळतं का नाही?"

मिळत होतं. आम्ही त्याला भाऊसाहेबांचा मोठेपणा समजत होतो. त्यामागे सरकार आहे हे मला त्या दिवशी कळलं.

"तर यादीत दोरावरची कलावंत म्हणून एकच नाव आहे," ते म्हणाले. "कस्तुरा सुभाना."

चुलीपाशी ठकूचुलती भाकरी थापत होती. तिचा हात परातीतच थांबला. आबानं मान खाली घातली.

कस्तुरा माझी थोरली बहीण. चार वर्षांपूर्वी मराठवाड्यात एका बाजाराच्या दिवशी ती दोरावरून पडली. पावसानं जमीन मऊ झाली होती, एका बाजूची मेख उपटून आली. तिथल्या पोलीस पाटलानं सांगितलं, तुमचं तुम्ही बघा, गावाच्या डोक्यावर नको. आम्ही तिला ओढ्याकाठी पुरलं आणि उजाडायच्या आत गाव सोडलं. कुणी काही लिहून घेतलं नाही, कुणी काही विचारलं नाही. मात्र मरायच्या सहा महिने आधी तिनं भाऊसाहेबांच्या एका कागदावर अंगठा उठवला होता, आणि त्या कागदावर ती अजून चालत होती.

"ती न्हाई आता," आबा म्हणाला.

"तुझ्यासाठी नाही, सुभाना. सरकारदरबारी आहे. वर्षाला साठ खेळ करते." भाऊसाहेब माझ्याकडे वळले. "लंके, तू अगदी तिच्यासारखी दिसतेस की गं."

भीती वाटली की मला हसू येतं. ही माझी जन्माची खोड आहे. मी हसले. "भाऊसाहेब, म्या लंका हाय."

"बुधवारी दुपारपर्यंत नाहीस," ते म्हणाले, तेही हसत. मग जाता जाता, बोलायचं राहून गेलं होतं तसं, म्हणाले, "गायरानातली पालं उठवायचा ठराव चार महिने माझ्या टेबलावर पडलाय. मी सही केलेली नाही. लेकरंबाळं आहेत तुमची, कुठं जाल?"

जीप गेली. माझी दोन वर्षांची गोदी त्या निळ्या दोराच्या वेटोळ्यात जाऊन बसली आणि टाळ्या पिटायला लागली. मी तिला ओढून बाहेर काढलं, जरा जोरातच. ती रडायला लागली आणि तिच्याबरोबर मीही.

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळी आबानं ढोलकं बाहेर काढलं. चार वर्षं ते पालात उलटं टांगलेलं होतं. चामडं ओलाव्यानं सैल पडलं होतं, त्यानं ते चुलीच्या धगीला धरलं.

आमच्या घराची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मुलगी पहिल्यांदा दोरावर चढते तेव्हा तिचा बाप तिच्यासाठी एक ठेका बांधतो. तो तिचा. दुसरं कुणी त्यावर चालत नाही. दोरावर माणूस डोळ्यांनी चालतं असं लोकांना वाटतं. डोळे फक्त समोरच्या बांबूवर असतात. पाय कानाचं ऐकतात. ढोलकं सांगेल तेव्हा पाऊल पडतं, ढोलकं थांबेल तेव्हा थांबतं. लहानपणापासून हे इतकं मुरतं की विचार करायला जागाच राहत नाही. माझा ठेका साधा होता. दोन पावलं आणि एक दम, दोन पावलं आणि एक दम. मी भित्री म्हणून आबानं मुद्दाम तसा बांधला होता. कस्तुराचा धावता. दोराच्या मधोमध तो एकदम तुटायचा, आणि त्या तुटलेल्या क्षणात कस्तुरा जागच्या जागी गर्रकन फिरायची. लोक श्वास धरायचे.

खेळ सुरू करायचीही रीत होती. ढोलकं वाजवणारा आधी नाव पुकारतो, मग त्या नावाचा ठेका धरतो. आणि माणूस मेलं की तेराव्याला तो ठेका शेवटचा वाजवून उतरवतात. त्यानंतर तो वाजवायचा नाही. वाजवला तर ज्याचा आहे ते येतं, असं आमची म्हातारी माणसं सांगत.

आम्ही बांबू रोवले, मेखा ठोकल्या, दोर कमरेएवढ्या उंचीवर बांधला. आबानं त्यावर राख चोळली. मी चढले आणि दोर माझ्या पायाखाली लवला. घायपाताचा दोर ताठ राहतो, हा रबरासारखा खाली जात होता.

"ताणतोय ह्यो," मी म्हणाले.

"पुना आवळतो. पोट सांभाळ. बाळंत झाल्यापासनं तुजा तोल बदललाय."

त्यानं पुकारलं, "लंका गं लंका, सुभानाची लंका!" मग ठेका धरला. दोन पावलं आणि एक दम. चार वर्षांनी पायांना ओळख लागायला वेळ लागला, पण लागली. सहा वेळा मी या टोकाचं त्या टोकाला गेले. कमरेएवढ्या उंचीवरून पडलं तर ढोपर फुटतं, बस्स.

"उद्या दोन पुरुष उंच बांधाया लागंल," आबा म्हणाला.

"आबा, न्हाई म्हनू या का? माजा नवरा ऊसतोडीवरनं येईस्तवर तरी?"

तो ढोलक्याच्या दोऱ्या ओढत बसला. "सात पालं हायती, लंके," एवढंच म्हणाला.

* * *

बुधवारी साडेदहाला मॅडम आल्या. मला वाटलं होतं कुणी जाडजूड, करड्या आवाजाची बाई असेल. या तर काटकुळ्या, चाळिशीच्या, सुती साडीतल्या, हातात छत्री आणि फायलींची पिशवी. नाव तासगावकर. सरकारी जीपमधून उतरल्या उतरल्या त्यांनी आबाला हात जोडले आणि म्हणाल्या, "बसा ना तुम्ही, उभे का?" आम्हाला 'तुम्ही' म्हणणारं सरकार मी पहिल्यांदाच बघत होते. त्यानं मी जास्तच घाबरले. दटावणाऱ्याशी खोटं बोलणं सोपं असतं.

भाऊसाहेबांबरोबर गावातली आठ-दहा माणसं होती. ती बोलत नव्हती, नुसती गोल करून उभी होती.

मॅडमनी हजेरीचा कागद काढला आणि एकेक नाव वाचायला लागल्या. ढोलकंवादक, सुभाना. आबानं अंगठा दिला. मग त्या म्हणाल्या, "दोरावरच्या कलावंत, कस्तुरा सुभाना?"

भाऊसाहेबांनी माझ्याकडे बघितलं, अगदी प्रेमानं.

"म्या," मी म्हणाले.

माझा अंगठा मॅडमनी स्वतः धरून शाईच्या डबीत टेकवला आणि कागदावर उठवला. कस्तुराच्या नावापुढं. "किती वर्षं करता हा खेळ?" त्यांनी विचारलं.

"पाच वरसाची व्हते तवापासनं."

"आणि या वर्षी साठ खेळ झाले?"

मी हसले. माझी खोड. भाऊसाहेब मधे पडले, "लाजाळू आहे हो ती. खेळ बघा, मॅडम, खेळच सांगेल सगळं."

मी तोलाची काठी घेतली. गोदीला ठकूचुलतीच्या कडेवर दिलं. पदर खोचताना बघितलं, अंगठ्याची शाई लुगड्याला लागली होती. मी ती थुंकी लावून पुसायला गेले, ती आणखी पसरली. उगाच वाटलं, हे काही बरं लक्षण नाही.

बांबूवर चढून मी टोकाला उभी राहिले. खाली बघायचं नाही हे ठाऊक असून बघितलं. जमीन कडक होती, मुरुमाची, ठिकठिकाणी दगड. कस्तुरा पडली तेव्हा चिखल होता, तरी ती वाचली नाही.

आबानं ढोलकं मांडीवर घेतलं आणि तोंड उघडलं, पण आवाज आला तो भाऊसाहेबांचा. त्यांना समारंभाची सवय. दोन्ही हात वर करून ते मोठ्यानं ओरडले, "आता सादर करत आहेत, आपल्या मंडळाच्या नामवंत कलावंत, कस्तुरा सुभाना!"

आबाचं तोंड तसंच उघडं राहिलं. मग त्याचे हात ढोलक्यावर पडले.

मी पाऊल टाकलं आणि मगच मला ऐकू आलं की काय वाजतंय. धावता ठेका. कस्तुराचा.

पहिली चार पावलं तर पडूनही गेली. पायांनी मला विचारलंच नाही, ते ढोलक्यामागं धावत सुटले. दोर खाली-वर व्हायला लागला, कारण मी कधी त्या वेगानं चालले नव्हते. तो वेग माझ्या अंगाचा नव्हता. काठीचं डावं टोक खाली गेलं, मी सावरलं, तर उजवं गेलं. थांबावं म्हटलं तर ढोलकं थांबू देईना. पाय एक ऐकतात आणि जीव एक म्हणतो, या दोन्हींच्या मधे तोल चिरत जातो. माझे दात वाजत होते, ते मला डोक्याच्या आत ऐकू येत होते.

आणि मला कळलं, मधोमध आल्यावर काय होणार ते. ठेका तुटेल. तिथं कस्तुरा फिरायची. मला फिरता येत नव्हतं, मी आयुष्यात कधी फिरले नव्हते, पण माझे पाय फिरायला बघणार. निळा दोर, राख उडून गेलेली. आणखी सहा पावलं. पाच.

खरं सांगते, तेव्हा मला वाटलं, ती आलीय. दोराच्या दुसऱ्या टोकाकडून ती येतेय आणि आम्ही दोघी मधे भेटणार. मला भाऊसाहेब आठवले नाहीत, पालं आठवली नाहीत, मॅडम आठवल्या नाहीत. एकच होतं डोक्यात. हिच्या नावानं मी चढलेय, म्हणून ही मला नेणार. गोदी खाली आहे. मला मरायचं नाही.

तीन पावलं राहिली तेव्हा मी किंचाळले.

"आबा! म्या लंका! लंका हाय म्या! कस्तुरा न्हाई, आबा, म्या लंका!"

ढोलकं थांबलं.

वर उभं असताना ढोलकं थांबणं याहून वाईट काही नाही. कान मोकळे पडतात, पायांना काय करावं कळत नाही. मी मधल्या जागेच्या जरा अलीकडे उभी होते. गुडघे थरथरत होते आणि त्यांच्याबरोबर दोर, तो कंप बांबूपर्यंत जाऊन परत माझ्याकडे येत होता. गोदी "आई" म्हणाली. मी खाली बघितलं नाही.

मग आबाचा आवाज आला, चिरकलेला, पण तोच, लहानपणीचा.

"लंका गं लंका, सुभानाची लंका!"

दोन पावलं आणि एक दम. दोन पावलं आणि एक दम. मी त्यावर चालत टोकाला पोचले, बांबूला मिठी मारली आणि घसरत खाली आले. मी मातीत बसले आणि गोदीला मांडीवर ओढून घेतलं.

* * *

मॅडम माझ्यासमोर उकिडव्या बसल्या. "तुमचं नाव लंका?"

"घरात लाडानं म्हणतात," भाऊसाहेब मागून म्हणाले. आवाज तसाच मऊ. "कागदोपत्री कस्तुरा."

मॅडमनी त्यांच्याकडे बघितलं नाही. त्या आबाकडे वळल्या. "आजोबा, कस्तुरा कोण?"

गोल करून उभी राहिलेली माणसं दोन पावलं पुढं आली. मी आबाकडे बघत होते. बोलू नको, असं मी मनात म्हणत होते, हे कबूल करते. मी वाचले होते, आता पालंही वाचावीत एवढंच मला हवं होतं.

आबाचे हात अजून ढोलक्यावर होते. "माजी थोरली," तो म्हणाला. "मेली. दोरावरनं पडून."

"कधी?"

"चार वरसं झाली. पोळ्याच्या दुसऱ्या दिशी."

"कुठं नोंद केली?"

"कुनी इचारलंच न्हाई, बाई. तुमीच पैल्या."

मॅडमनी लिहिलं. मी अगदी जवळ होते म्हणून मला दिसलं, त्या लिहिता लिहिता पुन्हा पुन्हा ड्रायव्हरकडे बघत होत्या. त्याही घाबरल्या होत्या. गावापासून लांब, गायरानात, एकटी बाई आणि एक ड्रायव्हर. तरी त्यांनी पोळ्याचं लिहिलं, ओढ्याचं लिहिलं, त्या गावाचं नाव विचारून लिहिलं. मग माझ्या अंगठ्यापुढचं कस्तुराचं नाव एका रेघेनं खोडलं आणि विचारलं, "हा अंगठा तुमचा. पूर्ण नाव सांगा."

मी सांगितलं. त्यांनी ते माझ्या अंगठ्यापुढं लिहिलं.

"माझ्यामुळं तुम्हाला त्रास होईल का?" त्यांनी हळूच विचारलं.

मला हसू आलं. "हुईल. तुमी जावा, बाई. बिगीनं जावा."

त्या गेल्या. भाऊसाहेबांनी निळा दोर सोडवून घेतला, नीट गुंडाळला आणि आपल्या जीपमध्ये टाकला.

शुक्रवारी सकाळी ट्रॅक्टर आला. पालं उपटायला तासभरही लागला नाही. भांडी आम्हाला गोळा करू दिली, एवढी माणुसकी. ठकूचुलती मला तीन दिवस बोलली नाही, आणि तिचं चूक नव्हतं.

पुढच्या मुक्कामावर मी आबाला धरलं. "मारलं असतंस मला."

"नाव तिचं पुकारलं त्यांनी," तो म्हणाला. "हात गेलं."

चाळीस वर्षं ढोलकं वाजवलं होतं त्यानं. त्याचा हात चुकलेला मी त्याआधी कधी बघितला नव्हता, त्यानंतरही नाही. मला पुढचं विचारायचं होतं, हात खरंच आपोआप गेले, की त्यानंच नेले. त्याचं तोंड बघितलं आणि नाही विचारलं. तो जाईपर्यंत नाही. अजूनही कधी मनात येतं, तेव्हा मी ते तिथंच सोडून देते.

भाऊसाहेबांचं मंडळ बंद झालं. ते स्वतः पुढं दोनदा निवडून आले. मॅडमच्या अहवालाची एक प्रत फार वर्षांनी, माझ्याच अर्जाच्या कामात, माझ्या हाती लागली. गोदीनं मला ती वाचून दाखवली. त्यात एक ओळ होती: कस्तुरा सुभाना, दोरावरील कलावंत, मयत, आणि पुढं पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाची तारीख, त्यांनी पंचांग बघून काढलेली. माझ्या बहिणीच्या मरणाचा जगात तेवढाच कागद आहे. मी तो पेटीत ठेवलाय, आबाच्या ढोलक्याच्या दोऱ्यांखाली.

आता मला वृद्ध कलावंतांचं मानधन मिळतं, माझ्या स्वतःच्या नावावर. त्यासाठी वर्षातून एकदा तहसील कचेरीत जाऊन हयातीचा दाखला द्यावा लागतो. टेबलासमोर उभं राहायचं आणि आपण जिवंत आहोत म्हणून सांगायचं. बाकीच्या म्हाताऱ्या कुरकुरतात. मी रांगेत सगळ्यांच्या आधी असते.

"नाव?" कारकून खाली मान घालून विचारतो.

"लंका!" मी म्हणते. "सुभानाची लंका!"

सगळी कचेरी वळून बघते. "मावशी," तो म्हणतो, "ओरडताय कशाला? ऐकू येतं मला."

मी हसते, आणि पुन्हा तेवढ्याच मोठ्यानं सांगते.